भ्रूणविकासातील पेशींचे स्थलांतर आणि रासायनिक संकेत : तंत्रिका शिखेच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

प्राण्याच्या भ्रूणात पेशींची संख्या वाढणे जितके आवश्यक असते, तितकेच त्या पेशींनी योग्य वेळी योग्य ठिकाणी पोहोचणेही आवश्यक असते. अनेक पेशी आपल्या उगमस्थानापासून दूरवर प्रवास करतात. हा प्रवास मुख्यतः परिसरातील रासायनिक संकेतांच्या आधारे होतो. प्रस्तुत लेखात रासायनिक प्रवणता, तिचे वाचन करणारी पेशीय यंत्रणा आणि आकर्षण-अपकर्षणाचे संकेत यांचे विवेचन तंत्रिका शिखेच्या पेशींच्या उदाहरणाने केले आहे. मुंबईतील डॉक्टरांनी १९८१ मध्ये वर्णन केलेल्या एका जन्मजात विकाराच्या आधारे या प्रवासातील बिघाडाचे स्वरूप स्पष्ट केले असून, जन्मजात व्यंगाचा दोष मातेला देणाऱ्या समजुतींचाही विचार केला आहे.

बीजशब्द : भ्रूणविकास, पेशीस्थलांतर, रासायनिक अनुचलन, प्रवणता, तंत्रिका शिखा, जन्मजात विकार.

प्रस्तावना

अमरावती, अकोला आणि परिसरातील महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकणारा विद्यार्थी कोंबडीच्या भ्रूणाच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. २४ तासांच्या भ्रूणात कायखंडांच्या साधारण ४ जोड्या दिसतात, ३३ तासांच्या भ्रूणात १२, तर ४८ तासांच्या भ्रूणात २४ ते २७. विद्यार्थी आकृती काढतो, नावे देतो आणि वही तपासून घेतो. मात्र काचपट्टीवरील भ्रूण स्थिर असतो. तो रंगवलेला व चिकटवलेला असतो, आणि त्यामुळे भ्रूणातील एक अत्यंत महत्त्वाची घटना विद्यार्थ्याच्या नजरेतून निसटते. ती घटना म्हणजे पेशींचा प्रवास होय.

कोंबडीचे अंडे २१ दिवसांत उबते. या अवधीत, विशेषतः पहिल्या काही दिवसांत, असंख्य पेशी आपली मूळ जागा सोडून निघतात. काही पेशी डोक्याकडे जाऊन जबड्याची हाडे घडवतात, काही त्वचेत जाऊन रंगद्रव्य तयार करतात, तर काही आतड्याच्या भिंतीत शिरून तेथील चेतापेशींचे जाळे विणतात. मानवी गर्भातही तत्त्वतः हेच घडते. या पेशींना ना डोळे असतात, ना भ्रूणाचा संपूर्ण नकाशा त्यांच्याजवळ असतो. असे असताना त्या वाट कशी शोधतात? आणि वाट चुकली किंवा प्रवास अपुरा राहिला तर काय होते? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

रासायनिक प्रवणता : संकल्पना

आंबिया बहाराच्या दिवसांत वरुड-मोर्शीकडील रस्त्याने अंधारात चालणाऱ्या माणसाला संत्र्याची बाग दिसत नाही, पण फुलांचा वास येतो. वास वाढत गेला तर बाग जवळ येत आहे आणि कमी होत गेला तर आपण दूर जात आहोत, हे त्याला कळते. वासाच्या उगमाजवळ गंधद्रव्याचे प्रमाण अधिक असते आणि अंतर वाढते तसे ते कमी होत जाते. एखाद्या पदार्थाच्या संहतीत स्थानानुसार होणाऱ्या अशा क्रमिक बदलास प्रवणता असे म्हणतात. रासायनिक प्रवणतेच्या दिशेने किंवा तिच्या विरुद्ध दिशेने होणाऱ्या पेशीच्या हालचालीस रासायनिक अनुचलन ही संज्ञा आहे.

या उदाहरणाला एक मर्यादा आहे. चालणारा माणूस आधीचा वास आणि आताचा वास यांची मनात तुलना करतो. भ्रूणातील पेशी मात्र बहुधा आपल्या दोन टोकांना एकाच वेळी मिळणाऱ्या संकेतांची तुलना करते. पेशीची लांबी मिलीमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढी असते. एवढ्या अल्प अंतरावर संहतीत पडणारा फरक अगदी थोडा असतो. तरीही अमिबासारख्या पेशी दोन टोकांमधील १ ते २ टक्के इतका फरकसुद्धा ओळखू शकतात, असे प्रयोगांतून दिसून आले आहे.

ही ओळख पेशीपटलावरील ग्राही प्रथिनांमुळे शक्य होते. संकेतरेणू ग्राहीशी जोडला गेला की पेशीच्या आत रासायनिक घटनांची मालिका सुरू होते. ज्या बाजूला अधिक ग्राही संकेताने व्यापले जातात, त्या बाजूला ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू वेगाने रचले जातात आणि पटल पुढे ढकलले जाऊन पादासारखा उंचवटा निर्माण होतो. मागील टोकाला मायोसिन प्रथिनामुळे आकुंचन होते. पुढे पकड घेणे आणि मागची पकड सोडणे ही क्रिया वारंवार होत राहते व पेशी सरकते. म्हणजेच संकेत पेशीला ओढून नेत नाही. तो केवळ दिशा सुचवतो आणि चालण्याचे काम पेशी स्वतःच करते.

एकपेशीय जीवांपासून मिळालेले ज्ञान

रासायनिक अनुचलनाचा पाया घालणारे बरेचसे ज्ञान एका साध्या मृदाजीवापासून मिळाले आहे. डिक्टिओस्टेलियम डिस्कॉइडियम या पेशीय श्लेष्मकवकाचे वर्णन अमेरिकन शास्त्रज्ञ केनेथ रेपर यांनी १९३५ मध्ये केले. अन्न उपलब्ध असेपर्यंत या जीवाचे अमिबा स्वतंत्रपणे जगतात. अन्न संपले की हजारो अमिबा एका केंद्राकडे धाव घेतात आणि एकत्र येऊन बहुपेशीय देह घडवतात. हे एकत्रीकरण एखाद्या विसरणशील रसायनामुळे होते, हे जॉन टायलर बॉनर यांनी १९४७ मध्ये दाखवले. ते रसायन म्हणजे चक्रीय एएमपी होय, हे १९६७ मध्ये निश्चित झाले.

या जीवात आणखी एक वैशिष्ट्य आढळते. केंद्रातील पेशी दर काही मिनिटांनी चक्रीय एएमपीचा स्पंद सोडतात. तो स्पंद मिळालेली पेशी केंद्राकडे थोडी सरकते आणि त्याच वेळी स्वतःही तेच रसायन सोडते. त्यामुळे एकाकडून दुसऱ्याकडे निरोप पोहोचावा तसा संकेत दूरवर जातो. या प्रक्रियेच्या सैद्धांतिक अभ्यासात भारतीय शास्त्रज्ञ विद्यानंद नंजुंडैया यांचे कार्य महत्त्वाचे मानले जाते. संकेत पुढे पाठवणे आणि एकत्रीकरणाची आकृती यांचा संबंध मांडणारा त्यांचा शोधनिबंध १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी हा अभ्यास चालू ठेवला.

तंत्रिका शिखा : उगम आणि शोध

पृष्ठवंशी प्राण्यांच्या भ्रूणात पाठीच्या बाजूला तंत्रिका नलिका तयार होते. तिच्यापासून पुढे मेंदू व मेरुरज्जू बनतात. नलिका मिटत असताना तिच्या वरच्या कडेवर पेशींचा एक पट्टा तयार होतो. त्यास तंत्रिका शिखा म्हणतात. स्विस भ्रूणशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांनी १८६८ मध्ये कोंबडीच्या भ्रूणात हा पट्टा प्रथम ओळखला. या पेशी शेजारच्या पेशींशी असलेली घट्ट जोडणी सैल करतात, पट्ट्यातून बाहेर पडतात आणि शरीरभर विखुरतात. चेहऱ्याची बहुतेक हाडे व कूर्चा, त्वचेतील रंजकपेशी, आतड्यातील चेतापेशी, संवेदी चेतागुच्छ आणि अधिवृक्क ग्रंथीचा मध्य भाग हे सर्व यांच्यापासून घडते.

या पेशींचा माग काढणे सोपे नव्हते, कारण प्रवासाला निघाल्यानंतर त्या इतर पेशींत मिसळून जातात. फ्रेंच शास्त्रज्ञ निकोल ल दुआरँ यांनी १९६९ मध्ये त्यावर उपाय शोधला. जपानी लावा पक्ष्याच्या (बटेराच्या) पेशींचे केंद्रक विशिष्ट रंजनानंतर कोंबडीच्या पेशींच्या केंद्रकापेक्षा स्पष्टपणे वेगळे दिसते. कोंबडीच्या भ्रूणातील तंत्रिका नलिकेचा लहानसा तुकडा काढून त्या जागी लावा पक्ष्याच्या भ्रूणातील तेवढाच तुकडा बसवला, तर त्यातून निघालेली प्रत्येक पेशी पुढे कोठे गेली हे ओळखता येते. या पद्धतीने ल दुआरँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये दाखवले, की आतड्यातील बहुसंख्य चेतापेशी पहिल्या ते सातव्या कायखंडांच्या पातळीवरील तंत्रिका शिखेतून येतात. मानेजवळ जन्मलेल्या पेशी आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकापर्यंत चालत जातात, असा याचा अर्थ होतो.

त्यांच्या पुढील प्रयोगांचा निष्कर्ष अधिक मूलगामी होता. धडाच्या भागातील शिखापेशी मानेच्या पातळीवर बसवल्या असता त्यांपैकी काही आतड्याच्या वाटेला लागल्या आणि तेथे चेतापेशी बनल्या. यावरून पेशीचे गंतव्य तिच्या जन्मस्थानाने पूर्णपणे ठरत नाही, तर वाटेत भेटणाऱ्या परिसराचाही त्यात निर्णायक वाटा असतो, हे सिद्ध झाले.

महाराष्ट्रातही कोंबडीच्या भ्रूणावरील प्रायोगिक संशोधनाची परंपरा आहे. एडिंबरो येथे कॉनरॅड वॉडिंग्टन यांच्याकडे काम केलेल्या लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात ही परंपरा रुजवली. अंड्यातून भ्रूण बाहेर काढून काचपात्रात वाढवणे आणि वाढत असतानाच त्याच्यावर प्रयोग करणे हे या परंपरेचे वैशिष्ट्य होते. स्थिर काचपट्टीवर न दिसणाऱ्या हालचालींचा अभ्यास अशा पद्धतीमुळेच शक्य होतो.

आकर्षण, अपकर्षण आणि सीमा

भ्रूणातील वाटा केवळ आकर्षक रसायनांनी आखलेल्या नसतात. त्यात ‘इकडे ये’ असे सांगणारे संकेत असतात, तसेच ‘इकडे येऊ नको’ असे सांगणारेही असतात. याचे सुबोध उदाहरण कायखंडांत मिळते. धडाच्या भागातील शिखापेशी प्रत्येक कायखंडाच्या पुढच्या अर्ध्या भागातून जातात आणि मागचा अर्धा भाग टाळतात. मागच्या अर्ध्या भागातील पेशी एफ्रिन व सेमाफोरिन या गटांतील प्रथिने निर्माण करतात. ही प्रथिने शिखापेशींना दूर सारतात. त्यामुळे पेशींचे सलग पट्टे न बनता ठरावीक अंतरावर प्रवाह तयार होतात. मेरुरज्जूपासून निघणाऱ्या चेतांची मणक्यांनुसार होणारी समान विभागणी याच व्यवस्थेतून उद्भवते. म्हणजे विद्यार्थी आकृतीत मोजत असलेले कायखंड हे स्नायू व मणक्यांचे पूर्वरूप असतात आणि त्याचबरोबर प्रवासी पेशींसाठी वाट आणि बांध यांचेही काम करतात.

चेतापेशीचा अक्षतंतू वाढतो तेव्हाही असेच घडते. तेथे संपूर्ण पेशी न चालता अक्षतंतूचे टोक, म्हणजे वृद्धिशंकू, वाट शोधत पुढे जाते. स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८९० च्या दशकातच या टोकाला रसायने दिशा देत असावीत, असा तर्क मांडला होता. प्रत्यक्ष रसायन हाती येण्यास मात्र सुमारे शंभर वर्षे लागली. १९९४ मध्ये मार्क टेसिए-लाविन्य यांच्या प्रयोगशाळेने कोंबडीच्या हजारो भ्रूणांच्या मेंदूंतून असे प्रथिन वेगळे केले आणि त्यास नेट्रिन हे नाव दिले. हे नाव संस्कृतमधील ‘नेतृ’, म्हणजे नेणारा, वाट दाखवणारा, या शब्दावरून घेतलेले आहे. मराठीतील ‘नेता’ हा शब्द त्याच शब्दाचे रूप आहे. नेट्रिन काही अक्षतंतूंना जवळ ओढते आणि काहींना दूर सारते. परिणाम कोणता होईल हे त्या अक्षतंतूवर कोणते ग्राही आहेत यावर अवलंबून असते. संकेताचा अर्थ संकेतात नसून ग्राहीत असतो, हे तत्त्व यातून स्पष्ट होते.

संकेत मिळाल्यानंतर वृद्धिशंकू पकड कशी घेतो, या प्रश्नावर पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि अनुसंधान संस्थेत (आयसर) काम झाले आहे. तेथील औरनब घोष यांच्या गटाने २०१६ मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या चेतापेशींवरील अभ्यास प्रसिद्ध केला. ॲक्टिनशी निगडित फॉर्मिन-२ हे प्रथिन कमी केल्यास वृद्धिशंकूच्या बोटासारख्या प्रवर्धांच्या टोकाची पकड अस्थिर होते आणि अक्षतंतूचे मार्गशोधन बिघडते, असे त्यात आढळले. संकेत योग्य असूनही चालण्याची यंत्रणा सदोष असेल तर प्रवास फसतो, हे यावरून दिसते.

प्रवणता टिकवण्याचा प्रश्न

वर दिलेल्या संत्राबागेच्या उदाहरणाकडे पुन्हा पाहिले असता एक अडचण लक्षात येते. वारा पडला आणि वास सगळीकडे सारखाच भरून राहिला, तर वास येईल पण दिशा कळणार नाही. भ्रूणातही संकेतरेणू सतत स्रवत राहिला आणि कोठेच नाहीसा झाला नाही, तर प्रवणता पुसली जाईल. म्हणून संकेत निर्माण करणाऱ्या पेशींइतक्याच तो नष्ट करणाऱ्या पेशीही महत्त्वाच्या ठरतात.

याचा पुरावा झेब्रा माशाच्या जननपेशींच्या अभ्यासातून मिळाला. भारतीय उपखंडातील ओढ्यांत व भातखाचरांत राहणारा हा लहानसा मासा त्याच्या पारदर्शक भ्रूणामुळे आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जातो. त्याच्या आदिजननपेशी भ्रूणात वेगवेगळ्या ठिकाणी निर्माण होतात आणि चालत जाऊन जननग्रंथीच्या जागी एकत्र येतात. एसडीएफ-१ नावाचे लहान प्रथिन त्यांना वाट दाखवते आणि सीएक्ससीआर-४ हा ग्राही ते ओळखतो, हे २००२-०३ मध्ये सिद्ध झाले. पुढे २००८ मध्ये असे आढळले, की वाटेभोवतीच्या काही पेशी सीएक्ससीआर-७ या दुसऱ्या ग्राहीच्या साहाय्याने जादा एसडीएफ-१ शोषून घेतात. हे शोषण थांबवले तर जननपेशी चालतात, परंतु योग्य ठिकाणी पोहोचत नाहीत. कोंबडीमध्ये आदिजननपेशी आपल्या प्रवासाचा बराच भाग रक्तातून करतात, ही गोष्ट १९१४ पासून ज्ञात आहे. तेथेही प्रवासाच्या अखेरच्या टप्प्यात एसडीएफ-१ चेच मार्गदर्शन असते.

एक उगम, दोन वाटा : मुंबईतील १९८१ चे निरीक्षण

आतापर्यंतचे विवेचन प्रयोगशाळेतील प्राण्यांविषयी होते. मानवी गर्भातील पेशींचा प्रवास प्रत्यक्ष पाहता येत नाही. तो फसल्याचे चिन्ह मात्र कधी कधी नवजात बालकात दिसते.

मुंबईतील डॉ. कृष्णकुमार शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये बारा अर्भकांची नोंद प्रसिद्ध केली. या अर्भकांच्या कपाळावरील केसांचा झुपका पांढरा होता, डोळ्यांच्या रंगात दोष होता आणि आतड्याच्या मोठ्या भागात चेतापेशीच नव्हत्या. केसांचा रंग आणि आतड्याची हालचाल यांचा परस्परांशी काय संबंध असावा, असा प्रश्न कोणालाही पडेल. तंत्रिका शिखेच्या दृष्टीने पाहिले असता तो संबंध उलगडतो. केसांना रंग देणाऱ्या पेशी आणि आतड्याला गती देणाऱ्या पेशी या एकाच शिखेच्या लेकी आहेत. एकीची वाट त्वचेखालून जाते, तर दुसरीची आतड्याच्या भिंतीतून. दोघींनाही आवश्यक असलेला एखादा संकेत किंवा जनुक सदोष असेल तर दोन्ही प्रवास एकाच वेळी अपुरे राहतात. हा विकार आज वार्डेनबर्ग-शहा संलक्षण या नावाने जगभर ओळखला जातो. १९९० च्या दशकात त्याला कारणीभूत असणारी जनुके सापडली. त्यांत एंडोथेलिन-३ हा संकेत, त्याचा ग्राही आणि शिखापेशींत कार्य करणारे सॉक्स-१० यांचा समावेश आहे.

आतड्यातील चेतापेशींचा अभाव हा विकार केसांच्या रंगदोषाशिवायही आढळतो. डॅनिश बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्यास हर्शस्प्रुंगचा विकार म्हणतात. साधारण ५००० जन्मांमागे एका बालकात तो आढळतो आणि मुलींपेक्षा मुलांत त्याचे प्रमाण बरेच अधिक असते. त्याची प्रक्रिया आज पुष्कळशी स्पष्ट झाली आहे. आतड्याच्या भिंतीतील पेशी जीडीएनएफ नावाचे प्रथिन स्रवतात. शिखापेशींवरील रेट हा ग्राही ते ओळखतो आणि पेशी त्या दिशेने पुढे सरकतात. एंडोथेलिन-३ चे कार्य वेगळे आहे. ते शिखापेशींना अकाली प्रौढ होऊन वाटेतच थांबू देत नाही आणि त्यांची संख्या वाढती ठेवते. मानवी गर्भात हा प्रवास सुमारे चौथ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत चालतो आणि वरून खाली या क्रमाने पुढे जातो. म्हणूनच प्रवास अर्धवट राहिला तर चेतापेशींचा अभाव नेहमी शेवटच्या टोकाला, म्हणजे गुदाशयापासून वरच्या दिशेने, आढळतो. व्याधीचे स्थान हाच प्रवासाच्या दिशेचा पुरावा ठरतो.

चेतापेशी नसलेला आतड्याचा भाग आकुंचित राहतो, मल पुढे सरकत नाही आणि त्याच्या वरचा भाग फुगतो. पूर्ण दिवसांचे निरोगी बाळ बहुधा पहिल्या ४८ तासांत काळसर-हिरवी पहिली शी करते. ती झाली नाही, पोट फुगले किंवा हिरवट उलटी झाली, तर घुटी वा घरगुती उपाय करत न बसता बाळाला तातडीने डॉक्टरांकडे नेणे आवश्यक असते. गुदाशयाच्या भिंतीचा लहानसा तुकडा तपासून निदान निश्चित करता येते. चेतापेशी नसलेला भाग काढून निरोगी आतडे खाली जोडण्याची शस्त्रक्रिया ऑर्व्हर स्वेन्सन यांनी १९४८ मध्ये प्रथम वर्णन केली. तिच्या सुधारित स्वरूपामुळे आज बहुसंख्य बालके वाचतात.

बांडी जनावरे आणि अनुमानाच्या मर्यादा

पोळ्याच्या दिवशी वऱ्हाडातील कोणत्याही गावात बैलांची रांग पाहिली तर काही जनावरे एकरंगी दिसतात, काही बांडी आणि काहींच्या कपाळावर पांढरा चांद असतो. रंजकपेशी पाठीच्या मध्यरेषेवरील शिखेतून निघून दोन्ही बाजूंनी खाली उतरतात. कपाळ, पोट आणि पायांची टोके या जागा त्यांना सर्वांत दूर पडतात. पांढरे डाग अनेकदा याच जागी का असतात, याचे स्थूल स्पष्टीकरण त्यातून मिळते.

मात्र येथे सावधगिरी आवश्यक आहे. पांढरा डाग दिसला म्हणजे पेशी वाट चुकल्या, असे अनुमान काढणे योग्य नाही. उंदरांवरील २०१६ मधील एका अभ्यासात गणिती प्रतिमान आणि प्रत्यक्ष चित्रीकरण यांच्या आधारे असे आढळले, की त्वचेतील रंजकपेशी बऱ्याच अंशी दिशाहीनपणे विखुरतात आणि किट या जनुकातील दोषामुळे होणारे डाग मुख्यतः पेशींची संख्या पुरेशी न वाढल्यामुळे पडतात. म्हणजे प्रवासी वाट चुकले नव्हते, ते संख्येनेच कमी पडले. तसेच पूर्णा नदीच्या खोऱ्यातील पूर्णाथडी म्हशीचा फिकट भुरकट रंग हा वेगळ्या प्रकारचा आहे. सर्वांगावर सारखा पसरलेला फिकट रंग पेशी पोहोचल्याचेच सूचित करतो, फरक रंगद्रव्याच्या निर्मितीत असतो.

माणसांच्या बाबतीतही हा भेद लक्षात घेण्याजोगा आहे. जन्मतःच कपाळावर पांढरी बट किंवा ठरावीक पांढरा पट्टा असणे आणि पुढे उद्भवणारे कोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात रंजकपेशी त्या जागी पोहोचलेल्या किंवा टिकलेल्याच नसतात. दुसऱ्यात पोहोचलेल्या पेशी नंतर नष्ट होतात. दोन्हींपैकी एकही संसर्गजन्य नाही, आणि त्यांवरून विवाहसंबंध नाकारण्यास कोणताही शास्त्रीय आधार नाही.

रसायने एकटी कार्य करीत नाहीत, हेही नमूद करणे आवश्यक आहे. शिखापेशी परस्परांना स्पर्श होताच मागे वळतात आणि त्यामुळे मोकळ्या जागेकडे पसरतात, हे २००८ मध्ये दाखवले गेले. परिसरातील ऊतक पुरेसे ताठर झाल्याखेरीज बेडकाच्या भ्रूणातील शिखापेशी निघतच नाहीत, असे २०१८ मध्ये आढळले. रासायनिक संकेत, पेशींचा परस्पर-स्पर्श आणि ऊतकांचे भौतिक गुणधर्म यांच्या एकत्रित कार्यातून वाट आकाराला येते.

ग्रहण, माता आणि काळाची मर्यादा

दुभंगलेल्या ओठांचे मूल जन्मले तर ‘गरोदरपणी ग्रहण पाळले नाही’, ‘ग्रहणात विळी हाती घेतली’ असे आजही आपल्या भागात ऐकू येते. या समजुतीचा भार त्या बालकाच्या आईवर पडतो. वरील विवेचनाच्या आधारे या समजुतीची परीक्षा करता येते.

वरचा ओठ चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी वाढत येणाऱ्या उंचवट्यांच्या जुळणीतून बनतो. हे उंचवटे मुख्यतः डोक्याकडील शिखापेशींनी भरलेले असतात. पेशी पुरेशा संख्येने आणि वेळेवर पोहोचल्या तर उंचवटे एकमेकांना भिडतात व जुळतात. ही जुळणी गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास पूर्ण होते. टाळूची जुळणी तिसऱ्या महिन्यात होते. म्हणजे ग्रहण पाळण्याचा आग्रह बहुधा जेव्हा धरला जातो, त्या गरोदरपणाच्या उत्तरार्धात ओठांची घडण केव्हाच संपलेली असते. शिवाय जगभरात साधारण ७०० जन्मांमागे एका बालकात ओठ वा टाळू दुभंगलेली आढळते. ग्रहणे दिसोत वा न दिसोत, अशी बालके सर्व देशांत आणि सर्व ऋतूंत जन्मतात.

खरी कारणे अनेक जनुके आणि परिसर यांच्या एकत्रित परिणामात असतात. त्यांपैकी काही टाळता येण्याजोगी आहेत. जीवनसत्त्व ‘अ’ पासून बनणारे रेटिनॉइक आम्ल हे भ्रूणात स्वतःच एक संकेतरेणू असते आणि त्याची प्रवणता शरीराच्या पुढच्या-मागच्या भागांची आखणी करते. तीव्र मुरुमांवर दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन हे औषध त्याच कुळातील आहे. गरोदरपणी ते घेतले गेल्यास गर्भातील नाजूक प्रवणतेचा अर्थच बिघडतो. कान, चेहरा, हृदय व मेंदू यांवर होणारे त्याचे गंभीर परिणाम १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवले गेले. मद्य, तंबाखू आणि अपस्मारावरील काही औषधे यांचाही धोका ज्ञात आहे. अपस्माराची औषधे मात्र स्वतःच्या मनाने बंद न करता गर्भधारणेपूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलून घेणे हिताचे असते.

येथे काळाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. शिखापेशींचे बहुतेक मोठे प्रवास पहिल्या दोन महिन्यांत होतात. त्या वेळी अनेक स्त्रियांना आपण गरोदर असल्याचे निश्चित कळलेलेही नसते. म्हणून दक्षता घ्यायची तर ती गर्भधारणेपूर्वीपासून घ्यावी लागते, आणि ती कुटुंबाची व आरोग्यव्यवस्थेची जबाबदारी असते. जन्मानंतरचे उपायही उपलब्ध आहेत. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेले ओठ व टाळू यांसह जन्मजात दोषांची तपासणी आणि पुढील उपचारांची तरतूद आहे. ओठांवरील शस्त्रक्रिया लवकर झाली तर बालकाचे दूध पिणे, बोलणे आणि समाजात वावरणे सुकर होते.

निष्कर्ष

१. भ्रूणातील कोणत्याही पेशीजवळ शरीराचा संपूर्ण नकाशा नसतो. परिसरातील रासायनिक प्रवणता आणि पेशीवरील ग्राही यांच्या परस्परसंबंधातून दिशा ठरते.

२. आकर्षक संकेतांइतकेच अपकर्षक संकेत आणि संकेत शोषून घेणाऱ्या पेशी आवश्यक असतात. त्यांच्याविना सीमा राहत नाहीत आणि प्रवणताही टिकत नाही.

३. वरवर असंबद्ध दिसणारी लक्षणे, उदाहरणार्थ पांढरी बट आणि आतड्याचा अवरोध, पेशींचा समान उगम लक्षात घेतला असता एकत्र समजतात. मुंबईतील १९८१ चे निरीक्षण याचे उत्तम उदाहरण आहे.

४. प्रत्येक दोष हा मार्ग चुकल्याचा परिणाम नसतो. पेशींची संख्या, त्यांचे टिकून राहणे आणि ऊतकांचे गुणधर्म यांचाही विचार करावा लागतो.

५. जन्मजात व्यंगाची कारणे ग्रहणात किंवा मातेच्या एखाद्या कृतीत शोधण्याऐवजी गर्भधारणेपूर्वीची दक्षता, औषधांबाबतचा वैद्यकीय सल्ला आणि जन्मानंतरची वेळेवर तपासणी यांवर भर देणे शास्त्रसंमत आहे.

प्राणिशास्त्राच्या वर्गात कोंबडीच्या भ्रूणाची काचपट्टी दाखवताना कायखंडांच्या संख्येबरोबर त्यांच्या पुढच्या अर्ध्या भागातून जाणाऱ्या शिखापेशींची हकीकतही सांगितली जावी. विद्यार्थी ती घरी सांगतील, तेव्हा दुभंगलेल्या ओठांच्या बालकाच्या आईकडे पाहण्याची गावाची दृष्टी बदलण्यास तिचा निश्चितच उपयोग होईल.